रोग माशाचा कीं पाण्याचा?

जनावरानें चारा सोडला म्हणजे कसलेला शेतकरी औषधाच्या बाटलीस हात घालण्यापूर्वीं गोठा पाहतो: गव्हाण कशी आहे, मूत कोठें सांचलें आहे, हवा खेळते कीं नाहीं. कांचेच्या भांड्यांत सोनेरी मासे पाळणारांनीं हीच दृष्टि ठेवावी, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे. मुलें हे मासे हौसेनें घरीं आणतात, आणि पुष्कळदां महिन्याच्या आंत भांडें रिकामें होतें. यांत दोष सहसा माशाच्या जातीचा नसतो.

सोनेरी मासा आपल्या रोहू-कटल्यांच्याच कुळांतला असून चीनमध्यें सुमारें एक हजार वर्षांपासून त्याची निवडक पैदास होत आली आहे. तो खातो पुष्कळ आणि घाणही पुष्कळ करतो. त्याच्या शरीरांतील टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांवाटे पाण्यांत उतरतें. नदींत तें वाहून जातें. भांड्यांत तेथेंच राहतें.

शेणखतांतील नत्र पिकाच्या उपयोगी पाडणारे सूक्ष्म जंतु आमच्या वाचकांस परके नाहींत. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास ते जमिनींतून वेगळे काढून दाखविले. तसलेच जंतु भांड्यांतील वाळूवर व गाळणीच्या स्पंजांत वस्ती करतात. एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटाचें नायट्रेट. पहिलीं दोन द्रव्यें माशास विषारी, तिसरें बरेंच सौम्य. नव्या भांड्यांत ही वस्ती बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि नेमके याच काळांत मासे दगावतात.

आमच्याच घरची चूक सांगतों. नव्या भांड्यांत आम्हीं चार मासे सोडले. दहाव्या दिवशीं ते वर येऊन तोंडाची उघडझांप करूं लागले. पाणी आरशासारखें नितळ असल्यामुळें पाण्याचा संशय आला नाहीं. आम्हीं घाईनें रोगाचें औषध ओतलें, आणि दोन दिवसांत चारही मासे गेले. अमोनिया डोळ्यांस दिसत नाहीं, हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं.

यास्तव परीक्षेचा क्रम ठरवून ठेवावा. प्रथम पाहावें कीं, आजारी एक आहे कीं सगळे. सगळे एकदम धापा टाकूं लागले तर दोष पाण्याचा धरावा. धाप पहाटे अधिक व दिवसा कमी असेल तर प्राणवायूची उणीव समजावी. पाणी तापलें म्हणजे त्यांत प्राणवायु कमी मावतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस सुमारें साडेसात. म्हणून वैशाखांत भांडें सावलींत ठेवावें, व तें रुंद तोंडाचें असावें. कल्ले लाल न राहतां तपकिरी दिसल्यास नायट्राइटाचा संशय घ्यावा.

नंतर पाणी तपासावें. शोभेच्या माशांच्या दुकानांत यासाठीं थेंबांच्या पेट्या मिळतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य असावींत. सामूही पाहावा, कारण तो ७ वरून ८ वर चढला तर अमोनियाचा विषारी अंश सुमारें नऊपट होतो.

दोष सांपडला तर एकदोन दिवस खाणें बंद ठेवावें. तेवढ्यानें निरोगी मासा मरत नाहीं. तिसरा हिस्सा ते अर्धें पाणी काढून तितक्याच उष्णतेचें ताजें पाणी घालावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन कल्ले जाळतो. तो घालविण्यासाठीं हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावें. नायट्राइट निघाल्यास लिटरमागें १ ग्रॅम साधें मीठ विरघळवून घालावें. स्पंज नळाखालीं धुऊं नये. काढलेल्या पाण्यांतच पिळावा, नाहींतर उपकारक जंतु मरतात. आणखी एक गोष्ट शेतकऱ्यानें विसरूं नये: ज्या बादलींत मोरचूद किंवा फवारणीचें औषध कालवलें असेल, ती कितीही धुतली तरी या कामास घेऊं नये.

पाणी निर्दोष ठरल्यावरच रोगाचा विचार करावा. अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके पडले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होय. त्याचे जंतु अंगावरून सुटून पाण्यांत पोहत असतां काय ते औषधास बळी पडतात. म्हणून औषध पुनःपुन्हां द्यावें लागतें. परंतु बारीक पांढरे दाणे फक्त कल्ल्यांच्या झांकणांवर व पुढच्या परांच्या कडेस असतील, आणि मासा हुशारीनें खात असेल, तर तो वयांत आलेला नर आहे असें समजावें. त्यास औषध नको. पोट फुगून खवले उभे राहिले तर मात्र दुखणें पुढें गेलेलें असतें. अशा माशास निराळा ठेवावा.

शेततळ्यांत रोहू-कटला पाळणारांसही हाच क्रम उपयोगी पडेल. तेथें मासे पहाटे पृष्ठभागीं तोंडें काढूं लागले तर त्या दिवशींचें खाद्य व खत थांबवून ताजें पाणी सोडावें, आणि मगच औषधाचा विचार करावा.