राजकीय घोटाळे आणि दिवाणी स्वरूपाची न्यायालयीन कार्यवाही : महाराष्ट्रातील दोन प्रकरणे

प्रस्तावना :
राजकीय घोटाळा उघडकीस आला की वृत्तपत्रांत गदारोळ होतो, विधिमंडळात सभात्याग होतो आणि अधिवेशन संपताच विषय मागे पडतो. असा विषय न्यायालयीन कार्यवाहीमुळे कसा जिवंत राहतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्यवाहीचे स्वरूप :
फौजदारी खटल्यात आरोप निःसंशय सिद्ध करावा लागतो. लोकसेवकाविरुद्ध अनेकदा पूर्वमंजुरीही लागते. दिवाणी दाव्यात पुराव्याचे पारडे कोणीकडे झुकते, एवढेच पाहिले जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील रिट याचिका म्हणजे दावा नव्हे. तथापि शासकीय निर्णयाला आव्हान देणारी याचिका सामान्यतः दिवाणी स्वरूपाची मानली जाते. तीत शासनाला शपथपत्रावर उत्तर द्यावे लागते आणि न्यायालय मूळ कागदपत्रे मागवू शकते. सभागृहात टाळलेले उत्तर येथे सहजासहजी टाळता येत नाही.

सिमेंट प्रकरण :
सिमेंटवर नियंत्रण असताना त्याचे वाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा आरोप १९८१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांच्यावर झाला. पी. बी. सामंत आदींनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. बख्तावर लेंटिन यांनी हा संबंध असल्याचा निष्कर्ष नोंदविला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. याउलट रामदास नायक यांच्या तक्रारीवरील फौजदारी खटला कोणत्या न्यायालयात चालावा, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालय १९८८ मध्येही निर्णय देत होते.

गुणवाढ प्रकरण :
दुसरे प्रकरण आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे नेते शिवाजीराव पाटील निलंगेकर यांचे. मुंबई विद्यापीठाच्या १९८५ च्या एम. डी. परीक्षेत त्यांच्या कन्येचे गुण वाढविल्याचा आरोप एका डॉक्टरने याचिकेद्वारे केला. उच्च न्यायालयाच्या प्रतिकूल अभिप्रायानंतर मार्च १९८६ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. याचिकेमागे खाजगी हित असले तरी सार्वजनिक गैरव्यवहाराचा प्रश्न उपस्थित झाल्यास न्यायालयाने त्याची दखल घ्यावी, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या अखेरीस मांडले. परीक्षक म्हणून काम करणाऱ्या प्राध्यापकांनी हे प्रकरण विशेषत्वाने अभ्यासावे. गुणपत्रकावरील एक खाडाखोडही राज्याच्या सत्ताकारणाला हादरा देऊ शकते.

मर्यादा व समारोप :
राजीनामा म्हणजे दोषसिद्धी नव्हे. राजकीय आकसापोटीही याचिका दाखल होतात, विलंब व खर्च सामान्य नागरिकाला परवडत नाही, हेही नाकारता येत नाही. तरीही आरोपाचे रूपांतर तारीखवार, शपथेवरील अभिलेखात करणे, हे या मार्गाचे खरे सामर्थ्य आहे. घोषणा विरून जातात. न्यायालयीन अभिलेख मात्र उत्तर मागत राहतो.