दिव्यांचे छायाचित्र

दिवाळी सरली की छायाचित्रांची देवघेव सुरू होते. परगावी व परदेशी असलेल्या मुलाबाळांस ती धाडली जातात. आणि पुष्कळदा असे आढळते की, काळ्याकुट्ट पटावर पाच-पंचवीस पांढरे ठिपके तेवढे उमटलेले आहेत! ओटी कोणाची, दिवा लावणारी काकू की आत्या, याचा काही थांग लागत नाही. बहुधा वेळच चुकलेली असते. त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

संस्कृतात देहलीदीपन्याय प्रसिद्ध आहे. उंबरठ्यावरील एकच दिवा घर व अंगण दोन्ही उजळतो, असा त्याचा भाव. छायाचित्रासही हाच न्याय लावावा. ज्योतीहून ज्योतीने जे उजळले, त्याचे मोल अधिक.

मनुष्याचा डोळा ज्योत आणि भोवतालचा काळोख ही दोन्ही एकाच वेळी सांभाळून घेतो. कॅमेऱ्यास तेवढे साधत नाही. रात्र पडल्यावर भिंत दिसावी म्हणून प्रकाश अधिक घ्यावा, तर ज्योतीचा पांढरा डाग होतो. ज्योत राखावी, तर भिंत बुडते. यास उपाय संधिप्रकाशाचा. २०२४ पासून अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या नगर जिल्ह्यात दिवाळीच्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटांच्या अवधीत आकाशाचा उजेड आणि दिव्यांचा उजेड यांचा मेळ बसतो. निळ्या आभाळाखाली पणतीचा पिवळेपणा खुलतो व घराची रेषही दिसते.

लक्ष्मीपूजन अमावास्येचे, तेव्हा चंद्राचे साहाय्य मुळीच नाही. त्रिपुरी पौर्णिमेस मात्र चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. क्षितिजालगत तो मंद असतो, तोवरच दिव्यांच्या पंक्तीत शोभतो. वर चढल्यावर चित्रात त्याचाही नुसता पांढरा ठिपका होतो. नेवासे तालुक्यात टोका-प्रवरासंगम येथे गोदा-प्रवरेच्या संगमाजवळ पेशवेकालीन सिद्धेश्वराचे देऊळ व घाट आहे. जायकवाडी धरणाचा फुगवटा तेथवर येतो. अशा संथ पाण्यात दिव्याचे प्रतिबिंब अखंड उतरते. घाटावरील स्थिर दिव्यांस दोन-चार सेकंद द्यावेत. पाण्यात सोडलेल्या दिव्यास मात्र थोडका अवधी पुरे, एरवी त्याची नुसती रेघ उमटते.

मोबाइल असो वा मोठा कॅमेरा, फ्लॅश बंद ठेवावा. तो दिव्याचा उजेडच पुसून टाकतो. यंत्र तिपाईवर, ती नसल्यास तांदळाच्या पिशवीवर टेकवावे व दहा सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर ज्योतीस बोट लावून उजेड किंचित उतरवावा. चित्रात माणूस असेल तर त्यास दिव्यालगत बसवून क्षणभर निश्चल राहण्यास सांगावे. विजेच्या माळा तेवढा वेळ मालवाव्यात; त्यांच्या झगमगाटात पणती लोपते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ज्योत दरवर्षी नव्याने लागते. कोनाडा मात्र राहतोच असे नाही. जुने वाडे पडून इमारती उठत आहेत. भिंतीबरोबर तो कोनाडा, ती तुळई, तेलाने काळवंडलेला तो दगडही जातो. वाती वळणारे हातही कायमचे नसतात. यास्तव वाचकांनी येत्या दिवाळीस निदान एक चित्र असे घ्यावे की, वीस वर्षांनी ते पाहणाऱ्या नातवास आपले घर व आपली आजी ओळखता येईल. त्यासोबत तिथी, स्थळ व माणसांची नावे अवश्य लिहून ठेवावीत. दिव्याखाली अंधार राहू देऊ नये.