समुद्राची मोजणी : भरतीमापकापासून आर्गोपर्यंत

प्रस्तावना

रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकांवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची जुनी पद्धत आहे. ग्वाल्हेरसारख्या दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात विद्यार्थ्याला समुद्राची पहिली ओळख होते ती बहुधा याच आकड्यातून. हा आकडा कोठून येतो, असे विचारणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. परंतु त्याचे उत्तर समुद्रशास्त्राच्या उपकरणांपाशीच नेऊन सोडते.

समुद्र स्थिर नसतो. उधाण, भांग, वारा, ऋतू यांप्रमाणे त्याची पातळी सतत बदलते. म्हणून 'समुद्रसपाटी' ही प्रत्यक्षात एक सरासरी आहे, व ती काढण्यासाठी वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतात. भारतातील उंचीमापनाचा १९०९ सालचा पाया नऊ बंदरांतील अशा नोंदींवर रचला गेला व त्यांत मुंबईचे अपोलो बंदर होते. तेथील नोंदी १८७८ पासूनच्या असून हिंद महासागराच्या परिसरातील सर्वांत दीर्घ नोंदींपैकी त्या एक होत.

किनाऱ्यावरील उपकरणे

जुन्या भरतीमापकाची रचना साधी होती. समुद्राशी छिद्राने जोडलेल्या एका उभ्या नळीत तरंगता गोळा, त्याला बांधलेली तार, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला फिरत्या कागदावर रेघ ओढणारी लेखणी. लहान लाटा नळीत पोहोचत नाहीत, मात्र भरती-ओहोटी पोहोचते. यंत्र उत्तम, पण त्याची रेघ वाचायला माणसाने तेथे जावे लागे.

ही उणीव किती महाग पडू शकते ते २६ डिसेंबर २००४ रोजी दिसले. सुमात्राजवळच्या भूकंपानंतर त्सुनामीला भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचण्यास सुमारे दोन तास लागले, परंतु त्या दोन तासांत किनाऱ्याला सावध करणारी व्यवस्थाच हिंद महासागरात नव्हती. त्यानंतर गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मोबाइल फोनच्या जाळ्यातून दर काही मिनिटांनी आपली नोंद आपणच पाठविणारे मापक तयार केले. १२ सप्टेंबर २००७ रोजी सुमात्रात पुन्हा मोठा भूकंप झाला, तेव्हा गोवा आणि लक्षद्वीपमधील कवरत्ती येथील या मापकांनी त्सुनामीची पातळी तत्काळ संगणकाच्या पडद्यावर दाखविली. लाटा लहान होत्या, पण व्यवस्था चालते हे सिद्ध झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैदराबादच्या 'इन्कॉईस' या केंद्रात राष्ट्रीय त्सुनामी इशारा व्यवस्था सुरू झाली. तिच्यासाठी समुद्राच्या तळाशी दाबमापक ठेवलेले असतात. वरून जाणाऱ्या पाण्याचे वजन किंचित वाढले तरी ते त्यांना कळते.

येथे डॉ. सय्यद जहूर कासिम यांचा उल्लेख करणे उचित ठरेल. अलाहाबादचे, म्हणजे समुद्रापासून असेच दूर असलेल्या शहराचे हे रहिवासी अलीगढला शिकले व तेथे अध्यापकही होते. पुढे १९७४ पासून त्यांनी गोव्याच्या संस्थेचे संचालकपद सांभाळले आणि १९८१-८२ च्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व केले.

खोल पाण्यातील उपकरणे

किनाऱ्यावरून समुद्राचा काठ तेवढा कळतो. आतले पाणी किती गरम, किती खारे, हे पूर्वी जहाजावरूनच मोजावे लागे. जहाज महाग, शिवाय पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात नेणे अवघड. नेमकी पावसाळ्याचीच माहिती त्यामुळे सर्वांत कमी मिळे. ही अडचण 'आर्गो' नावाच्या तरंगत्या यंत्रांनी बरीच दूर केली. माणसाच्या उंचीएवढा हा नळकांड्यासारखा तरंगक सुमारे १,००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहतो, साधारण दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारतो, वर येताना तापमान, दाब व क्षारता मोजतो आणि पृष्ठभागावर येऊन उपग्रहाला सर्व कळवून पुन्हा खाली जातो. क्षारता मोजण्याची युक्ती मजेशीर आहे: पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहायचे, खारे पाणी अधिक वाहू देते. २००७ मध्ये जगातील अशा तरंगकांची संख्या ३,००० वर पोहोचली. आज ती सुमारे ४,००० आहे.

ग्वाल्हेरच्या अध्यापकाला याचे काय, असा प्रश्न पडेल. उत्तर चंबळेत आहे. चंबळ यमुनेला मिळते, यमुना गंगेला आणि गंगा बंगालच्या उपसागराला. गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी हलके असल्याने उपसागराच्या खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरते. वाऱ्याने ते खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही व पृष्ठभाग उबदार राहतो. याच उबेवर पावसाळी कमी दाबाचे पट्टे पोसले जातात, आणि त्यांतील बरेचसे वायव्येकडे सरकत मध्य भारतात पाऊस देतात. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्वाल्हेर-चंबळ भागात आलेल्या पुरात दतिया जिल्ह्यात सिंध नदीवरील पूल वाहून गेले, ते येथील लोक विसरलेले नाहीत.

याच्या उलट २००२. त्या वर्षी सरासरीच्या १०१ टक्के पाऊस पडेल असा अंदाज हवामान खात्याने दिला होता. पडला ८१ टक्के, जुलैत तर जेमतेम निम्मा. केवळ जुन्या आकडेवारीच्या मेळावर उभ्या असलेल्या पद्धतीची मर्यादा तेव्हा उघड झाली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमध्ये हवा व समुद्र यांचे एकत्रित गणित संगणकावर मांडण्यावर भर दिला गेला. त्या गणितात समुद्राची आजची स्थिती भरावी लागते आणि ती आर्गो, नांगरलेले बोये व उपग्रह यांच्याकडून मिळते. जाता जाता, 'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम'पासून आला. उर्दू-मराठीतला 'मौसम' तो हाच. अरबी खलाशांनी या वाऱ्यांवर वहाणे हाकली ती 'कमाल' नावाची गाठी मारलेली दोरी व लाकडी फळी हातात घेऊन. ताऱ्याची उंची मोजणारे तेही एक समुद्री उपकरणच.

नांगरलेल्या बोयांची कथा मात्र वेगळी आहे. बोयाच्या सावलीत मासे जमतात, माशांमागे होड्या येतात, बोयाला दोर बांधला जातो आणि नाजूक उपकरणे तुटतात. दोष केवळ मच्छीमारांचा म्हणणे योग्य नाही. तरंगणाऱ्या पिवळ्या वस्तूचा आपल्या जिवाशी संबंध आहे हे त्यांच्या भाषेत सांगणारे कोणी असावे लागते. मासळी कोठे मिळण्याची शक्यता आहे ते सांगणाऱ्या 'इन्कॉईस'च्या सूचना मराठीसह किनारी भाषांत दिल्या जातात, ही त्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय.

वर्गातील प्रयोग

आर्गोची सर्व माहिती इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र संगणक नसलेल्या वर्गातही तरंगकाचे तत्त्व दाखविता येते. पाण्याने काठोकाठ भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत, थोडे पाणी ओढून घेतलेला औषधाचा ड्रॉपर जेमतेम तरंगेल असा सोडावा व झाकण घट्ट लावावे. बाटली दाबली की ड्रॉपरमधील हवा आकसते, पाणी आत शिरते व तो बुडतो. हात सैल करताच वर येतो. आर्गोमध्ये हाताऐवजी छोटा पंप असतो. तो तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतो, यंत्राचे वजन तेवढेच राहून आकारमान वाढते व ते वर येते. तेल परत आत घेतले की खाली जाते. बाटली काचेची घेऊ नये, दाबता येत नाही.