पडेल त्या जागेवरचा खेळाडू

बेसबॉल हा काही आपल्याकडचा खेळ नव्हे. सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांना त्याचे नियम थोडेफार ठाऊक असतात. इतरांना तो अमेरिकन चित्रपटांत दिसतो तेवढाच. या खेळाविषयी वाचू लागल्यापासून मला सर्वांत अधिक कुतूहल वाटले, ते तेथे ज्याला ‘युटिलिटी प्लेअर’ म्हणतात त्या खेळाडूचे. त्याला स्वतःची अशी जागा नसते; कोणाचीही जागा रिकामी पडली की त्याला हाक येते. असा खेळाडू उत्तम प्रशिक्षक होऊ शकतो तो का, हे एका उदाहरणाने सांगण्याचा येथे विचार आहे.

अशा खेळाडूची गरज का पडते, ते प्रथम पाहू. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू थोडा वेळ मैदानात येतो आणि मूळ खेळाडू परतला की निघून जातो. बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही. आजच्या नियमांप्रमाणे मेजर लीगच्या संघात मोसमाच्या बहुतेक काळात २६ जण असतात व त्यांत चेंडू टाकणारे पिचर १३ पर्यंत असतात. उरलेल्या १३ पैकी आठ जण क्षेत्ररक्षणाला आणि एक केवळ फलंदाजीला उतरतो. बाकावर राहिले चार. त्यांतला एक बहुधा राखीव कॅचर असतो. म्हणजे राहिलेल्या तिघांनी सात जागांची जबाबदारी घ्यावयाची! प्रत्येक जागेवर चेंडू येण्याचा कोन वेगळा, पावले टाकण्याची रीत वेगळी, हातमोजाही वेगळा.

या खेळाडूंचे आयुष्य बरेचसे मायनर लीगमध्ये जाते. मेजर लीगच्या ३० संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संघ असतात. तेथील मिळकत बेताचीच. २०२३ च्या करारानुसार सर्वांत वरच्या पायरीवरील खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर ठरले, तर त्याच वर्षी मेजर लीगमध्ये ते ७,२०,००० डॉलर होते. दोहोंमध्ये अंतर एकाच पायरीचे. पण ती पायरी कित्येकांना जन्मभर चढता येत नाही.

रॉन वॉशिंग्टन यांचा जन्म १९५२ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे झाला. कॅन्सस सिटी रॉयल्स संघाने १९७० मध्ये फ्लोरिडात एक आगळी प्रशाळा काढली होती. ज्यांच्याकडे इतर संघांचे लक्ष गेले नव्हते अशा चपळ तरुणांना पद्धतशीर शिकवून खेळाडू घडवावेत, हा तिचा हेतू. वॉशिंग्टन तेथे दाखल झाले. सुरुवातीस ते कॅचर होते, पुढे बेसांजवळच्या जागांवर खेळू लागले. १९७७ मध्ये डॉजर्स संघातून त्यांना मेजर लीगचे १० सामने मिळाले. त्यानंतरची संधी थेट १९८१ मध्ये, मिनेसोटा संघातून. दहा मोसमांत मिळून त्यांचे सामने भरले ५६४. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, हे लक्षात घेतले म्हणजे बाकावर त्यांचा किती काळ गेला असेल याची कल्पना येते.

खेळ थांबल्यावर ते मेट्स संघाच्या मायनर लीगमध्ये शिकवू लागले व १९९६ मध्ये ओकलंड संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांची पद्धत दिसावयास अगदी साधी आहे. खेळाडूला गुडघ्यांवर बसवावयाचे, हातात लहानसा सपाट मोजा द्यावयाचा आणि काही फुटांवरून एकामागून एक चेंडू जमिनीवर टप्पा पाडून त्याच्याकडे मारावयाचे. गुडघ्यांवर बसल्यामुळे पायांची मदत उरत नाही. हातांनाच काम करावे लागते. मोजा लहान असल्यामुळे चुकीवर पांघरूण पडत नाही. हे एखाद्या दिवशी नव्हे, तर रोज, सामन्यापूर्वी.

‘मनीबॉल’ हा २०११ मधील चित्रपट काहींनी पाहिला असेल. त्यातील स्कॉट हॅटेबर्ग हा कोपराच्या दुखापतीमुळे कॅचरची जागा गमावलेला खेळाडू. २००२ मध्ये त्याला पहिल्या बेसवर उभे राहावयास शिकविले ते वॉशिंग्टन यांनीच. स्वतः कॅचरची जागा सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला त्याची अडचण समजावून सांगावी लागली नसेल, असे मला वाटते. एरिक चॅवेझ याला क्षेत्ररक्षणाचे ‘गोल्ड ग्लोव्ह’ पारितोषिक २००१ ते २००६ अशी ओळीने सहा वर्षे मिळाले. त्यांतले एक त्याने, तुमच्यावाचून हे घडले नसते अशा अर्थाची ओळ लिहून, वॉशिंग्टन यांना देऊन टाकले. मार्कस सेमियन या शॉर्टस्टॉपने २०१५ मध्ये ३५ चुका केल्या होत्या. त्याच वर्षी वॉशिंग्टन ओकलंडला परतले व त्याच्यामागे लागले. पुढच्या वर्षी चुका २१ वर आल्या आणि २०२१ मध्ये, टोरांटोकडून दुसऱ्या बेसवर खेळताना, त्यालाही गोल्ड ग्लोव्ह मिळाले.

मधल्या काळात, २०१० आणि २०११ मध्ये, टेक्सास रेंजर्सचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी संघाला वर्ल्ड सिरीजपर्यंत नेले. दोन्ही वेळा हार पत्करावी लागली. विजेतेपद लाभले ते २०२१ मध्ये, अटलांटाचे प्रशिक्षक असताना.

उपजत कौशल्य असलेल्याला आपण चेंडू कसा अडवतो हे पुष्कळदा सांगता येत नाही. त्याला तसा विचार करण्याची वेळच आलेली नसते. वॉशिंग्टन यांना प्रत्येक नवी जागा तुकड्यातुकड्याने शिकावी लागली: आधी हात, मग पाय, मग फेक. शिकण्याच्या पायऱ्या ठाऊक असल्यामुळे त्यांना त्या दुसऱ्याला दाखविता आल्या. बाकावर बसलेला प्रत्येक जण चांगला शिक्षक होतो, असे मात्र नव्हे. शिकताना स्वतःकडे बारकाईने पाहिलेले असावे लागते आणि दुसऱ्याच्या यशात आनंद वाटावा लागतो.

म्हणून आपल्या जिमखान्याला एक सूचना करावीशी वाटते. वार्षिकातील संघाच्या छायाचित्रात मागच्या रांगेत उभे असणाऱ्या राखीव खेळाडूंना मोसम संपताच आपण विसरतो. प्रथम वर्षाच्या मुलामुलींना सराव देण्याचे काम त्यांच्यावर सोपवून पाहावे. त्यांच्यापैकी कोणाला शिकविता येते, हे त्यावाचून आपल्याला कळणार नाही.