फिलोज घराणे आणि दिलेला शब्द

तापीकाठचे बुऱ्हाणपूर म्हणजे दक्षिणेचे द्वार. तेथील राजपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत मराठी बोलणे कानी पडले की आम्हांस शिंदेशाहीची आठवण होते. १७६० साली निजामाकडून हे शहर पेशव्यांकडे आले आणि १७७८ साली पेशव्यांनी ते शिंद्यांस दिले. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी ते घेतले. तहाने ते शिंद्यांस परत मिळाले. अखेर १८६० साली ते इंग्रजी मुलखात कायमचे सामील झाले. अशा सीमेवरच्या मुलखात परदेशी माणसे नशीब काढावयास येत. काही पैसा गाठीस बांधून परत गेली. काहींनी येथेच संसार थाटले. अशाच एका कॅथोलिक घराण्याची ही कथा आहे.

मायकेल फिलोज हा इटलीतील नेपल्सचा. मायदेशी तो खेचरे हाकीत असे, असे म्हणतात. हिंदुस्थानात येऊन तो महादजी शिंद्यांच्या फौजेत, डी बॉइन या सेनापतीच्या पलटणींत दाखल झाला आणि पुढे महादजींबरोबर पुण्यास आला. ते साल होते १७९२. त्याच साली पेशव्यांनी आपल्या चाकरीतील ख्रिस्ती शिपायांसाठी पुण्यात ख्रिस्तमंदिरास जागा दिली. आजचे सिटी चर्च ते हेच. परधर्मी चाकराच्या इमानावर मराठी दरबाराचा केवढा विश्वास होता, हे त्यावरून दिसते.

त्या विश्वासाला पाच वर्षांनी तडा गेला. महादजी १७९४ साली वारले होते व दौलतराव गादीवर होते. नाना फडणविसांस शिंद्यांच्या छावणीत भेटीस बोलावण्यात आले. नाना सावध पुरुष. ते सहजासहजी येईनात. तेव्हा फिलोजने त्यांच्या सुरक्षिततेबद्दल आपल्या इमानाची हमी दिली. त्या शब्दावर विसंबून ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना छावणीत आले, आणि ज्याने हमी दिली होती त्यानेच त्यांस कैद केले! नानांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. पुण्यात त्यांच्या पक्षाच्या लोकांची घरे लुटली गेली. पुढच्याच वर्षी नाना सुटले व पुन्हा कारभारावर आले. तेव्हा सूडाच्या भयाने मायकेलने मुंबई गाठली. पलटणी दोघा मुलांच्या हाती राहिल्या.

वाचकहो, बापाने मोडलेल्या शब्दाचे ओझे लेकरांच्या शिरी येते ते असे. फिदेल या मुलावर १८०१ साली, होळकरांशी युद्ध चालू असता, फितुरीचा आरोप आला. तो कैदेत पडला आणि तेथेच त्याने स्वतःचा अंत करून घेतला. आरोपाची शहानिशा करण्यास आज आम्ही समर्थ नाही. परंतु ज्या घराचा शब्द एकदा खोटा ठरला, त्या घराच्या मुलाने 'मी निर्दोष आहे' असे म्हटले तरी ऐकणार कोण?

दुसरा मुलगा जाँ बाप्तिस्त. त्याच्यापुढेही बापाची वाट मोकळी होती. पण तो पळाला नाही. पुढील पडत्या काळातही तो शिंद्यांच्या चाकरीत राहिला आणि त्यांचा प्रमुख सेनापती झाला. राघोगड, चंदेरी हा मुलूख त्याने धन्यासाठी जिंकला. जिंकलेल्या एका ठाण्यास त्याने 'इसागड', म्हणजे येशूचा गड, असे नाव दिले. मध्य प्रदेशातील अशोकनगर जिल्ह्यात ते गाव त्याच नावाने आजही नांदते. तलवारीने घेतलेल्या गडास शांतीच्या राजाचे नाव शोभते काय, असे कोणी विचारील. तो प्रश्न रास्तच आहे. तरीही परमुलखात आपली श्रद्धा त्याने लपविली नाही, एवढे त्यावरून कळते.

दौलतरावांनी १८१० साली ग्वाल्हेरजवळ तळ दिला. तोच तळ पुढे लष्कर नावाचे शहर झाला. फिलोज मंडळीही तेथलीच झाली. याच घराण्यातील सर मायकेल फिलोज यांनी ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा बांधला. तो १८७४ साली पुरा झाला. दरबार दालनातील प्रचंड झुंबरे टांगण्यापूर्वी छताची मजबुती पाहण्यासाठी वर हत्ती चढविले होते, अशी कथा सांगतात. त्या वाड्याच्या काही भागात आता संग्रहालय असून कोणासही तो पाहता येतो.

एका मायकेलने धन्याच्या छावणीत विश्वास मोडला. त्याच नावाच्या वंशजाने त्याच धन्याच्या घराण्यासाठी वाडा उभारला. मध्ये गेली ती सुमारे पाऊणशे वर्षे. शब्द मोडावयास एक दिवस पुरतो. तो पुन्हा खरा करावयास पिढ्या लागतात. आपल्या खेड्यापाड्यांतही बांधाचा, उसनवारीचा, सोयरिकीचा शब्द दिला जातो. तो देताना आपल्या नातवंडांचे तोंड डोळ्यांपुढे आणावे, एवढेच आमचे मागणे.