जीप
जीप : चारही चाकांना एंजिनाची शक्ती पुरविता येणारी, खडबडीत वाटांवर चालणारी हलकी मोटारगाडी, तसेच अशा गाड्यांचे एक व्यापारनाम. एरवी मागील चाकांवर चालणाऱ्या या गाडीत दांडा सरकवून पुढील चाकांनाही शक्ती देता येते.

१९४० मध्ये अमेरिकेच्या लष्कराने टेहळणीसाठी अशी गाडी मागविली. कार्ल प्रॉब्स्ट यांनी आखलेला पहिला नमुना बँटम कंपनीने सप्टेंबरमध्ये सादर केला. परंतु ही कंपनी लहान असल्याने लष्कराने तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड व फोर्ड यांनाही दिले. १९४१ मध्ये विलीजचा ६० अश्वशक्तीचा नमुना प्रमाण ठरला. दुसऱ्या महायुद्धात विलीज व फोर्ड यांनी मिळून सु. ६,४०,००० गाड्या बनविल्या. बँटमच्या वाट्यास तीन हजारही आल्या नाहीत. युद्धानंतर विलीजने नागरी जीप विक्रीस आणली. जीप ही आपलीच निर्मिती असल्याचा प्रचार करण्यास फेडरल ट्रेड कमिशनने १९४८ मध्ये तिला मनाई केली. तथापि १९५० मध्ये व्यापारचिन्ह तिच्याच नावे नोंदले गेले. पुढे ते कायझर (१९५३), अमेरिकन मोटर्स (१९७०) व क्रायस्लर (१९८७) या कंपन्यांकडे गेले. २०२१ पासून ते स्टेलँटिसकडे आहे.

भारतात स्वातंत्र्यप्राप्तीनंतर महिंद्र उद्योगसमूहाने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. मराठीत ‘जीप’ हे अशा कोणत्याही गाडीचे सामान्यनाम झाले आहे.