तोंडातली ओल

दारव्ह्याकडच्या एका जिनिंगमध्ये मी कापसाची ओल मोजायचो. सरकारी कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कटती, त्यावर गेली की गाडी परत. किरणांचा शेक सुरू होऊन तिसरा आठवडा लागला, तेव्हा माझ्या तोंडात आठ टक्केसुद्धा ओल उरली नसावी.

गालाचा कॅन्सर होता. कारण आमच्या भागात कोणी विचारत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारी टपरी प्रत्येक फाट्यावर आहे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी शेक सांगितला. यवतमाळकडचे लोक त्यासाठी नागपूरचं तुकडोजी हॉस्पिटल, तिथलंच मेडिकल कॉलेज, नाहीतर सेवाग्राम गाठतात. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून डोकं टेबलाला पक्कं करतात. मशीन काही मिनिटं चालतं, दुखत अजिबात नाही. म्हणूनच पहिल्या आठवड्यात माणूस फसतो.

किरणं कॅन्सरच्या पेशी मारतात, तशी भराभर नवी होणारी तोंडातली नाजूक त्वचाही सोलून काढतात. जुनी झडते, नवी येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फोड येतात. लाळेच्या ग्रंथी सुकतात, उरते ती तारेसारखी चिकट लाळ. मान काळी पडते. वरण आणि चुना एकाच चवीचे लागतात. बायको म्हणायची, "एक घोट तरी घ्या ना." गिळवत नाही म्हणून खाणं कमी, म्हणून वजन उतरतं, वजन उतरलं की साचा ढिला होतो आणि मोजमाप पुन्हा घ्यावं लागतं. एक त्रास दुसऱ्याला असा ओढून आणतो.

मी नागपूर गाठलं; तिथल्या हॉस्पिटलातली सिस्टर दर आठवड्याला विचारायची, "काका, दुखणं दहापैकी किती? थकवा किती? झोप?" 1991 मध्ये कॅनडातल्या एडमंटनला अशी मोजपट्टी तयार झाली, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. मला ती लगेच पटली. जिनिंगमध्ये अंदाजाला किंमत नसते. माझं दुखणं पाच आणि थकवा नऊ निघायचा. रांगेतले बरेच जण मात्र हसून "बरं आहे" म्हणत. सांगितलं तर शेक बंद करतील, ही भीती. खरं तर खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला वेळ मिळतो; त्रास लवकर कळला तर औषध देऊन तो खंड टाळता येतो. मीठ-सोड्याच्या गुळण्या, बधिर करणारं औषध, गरज पडली तर मॉर्फिन. मॉर्फिनला लोक नशेची गोळी म्हणून घाबरतात. डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी सुखाने झोपवते; पोट मात्र साफ होत नाही, त्याचं औषध सोबतच मागून घ्यावं. जेवण देण्यासाठी घातलेली नाकातली नळी म्हणजे शेवट, असंही आम्ही उतरलो त्या धर्मशाळेत ऐकलं. माझं वजन त्या नळीनेच सावरलं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शेकाला पैसे लागले नाहीत. सोबत राहिलेल्या बायकोची मजुरी बुडाली, तिचा हिशेब कोणत्याच फॉर्मवर नव्हता.

शेवटचा शेक झाला की गावाकडचे म्हणतात, झालं ना आता, खा. फोड मात्र त्यानंतरही आठ-पंधरा दिवस तसेच छळतात. चव कित्येक महिन्यांनी परतते, लाळ पुरती परतेलच असं नाही. जबडा आखडू नये म्हणून मी अजून दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडतो. शेक लागलेल्या जबड्याचं हाड दात उपटल्यावर नीट भरेलच असं नाही. म्हणून दातांची तपासणी शेकाआधीच करून घ्यायची असते, आणि आता दात दुखला तरी दारव्ह्याच्या डॉक्टरांना मी आधी नागपूरची फाईल दाखवतो.